धूर सकाळी येतो की चढावर?

वाचकाचं पत्र

नमस्कार सर. तुम्ही मला शिकवलेलं नाही, पण माझ्या मेहुण्याला आयटीआयला शिकवलंय, त्या ओळखीवर लिहितोय. माझी 2008 ची वॅगनआर आहे, पेट्रोल, 1.1 लिटर. मीटरवर 1 लाख 64 हजार झालेत. सकाळी गाडी चालू केली की निळा धूर निघतो, पार्किंगमधले लोक नाक दाबतात, मग कमी होतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल लागतं. गॅरेजवाला म्हणतो इंजिन संपलं, ओव्हरहॉलिंगचे 45 हजार होतील. दुसऱ्या एकाने कुर्ल्याहून 'रनिंग कंडिशन'मधलं इंजिन 22 हजारांत आणून देतो म्हणून सांगितलंय. बिल नाही, पण पंधरा दिवसांची चेकिंग गॅरंटी. मी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, दिवाळीत चार दिवस सुट्टी आहे. मेहुणा आणि मी मिळून सोसायटीच्या पार्किंगमध्येच इंजिन बदलायचं म्हणतोय, वरच्या बीमला चेन कप्पी टांगून. व्हिडिओ सगळे बघून झालेत. सौ. म्हणते गाडी विका. पण गाडी वडिलांनी घेतलेली आहे, ती विकायची नाही. करू का?

— एक वॅगनआरवाला, पाथर्डी फाटा

उत्तर

वॅगनआरवाले,

'करू का' असं विचारलंत खरं, पण उत्तर तुम्ही आधीच ठरवून ठेवलंय. व्हिडिओ बघून झालेत, मेहुणा तयार आहे, कप्पी कुठे टांगायची तेही ठरलंय. फक्त एक गोष्ट राहिली. तुमच्या सबंध पत्रात 'कॉम्प्रेशन' हा शब्द, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते माप, कुठेच नाही. गॅरेजवाल्याने मोजलं का? मोजलं असेल तर आकडे काय आले? तुम्ही क्वालिटीवाले. मायक्रोमीटर लावल्याशिवाय दीडशे रुपयांचा जॉब रिजेक्ट करत नाही, आणि इथे अख्खं इंजिन नुसत्या वासावर रिजेक्ट केलंत?

पत्रातलं एक वाक्य मात्र फार कामाचं आहे: 'सकाळी धूर निघतो, मग कमी होतो.' मी तिथेच थांबलो. वाल्व्हच्या दांडीवर टोपीसारखं एक रबरी सील असतं. इतकी वर्षं गरम ऑईलमध्ये राहून ते रबर बांगडीसारखं कडक होतं आणि दांडीला धरून बसेनासं होतं. रात्री गाडी उभी असली की हेडमध्ये साचलेलं ऑईल त्या फटीतून थेंब थेंब खाली झिरपतं. सकाळी इंजिन चालू झालं की ते जळतं, निळा ढग निघतो, आणि साचलेलं संपलं की ढगही संपतो. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेलं इंजिन असं वागत नाही. ते सकाळी धूर देईल, दुपारी देईल, आणि ओढ पडली की सगळ्यात जास्त देईल.

आपण नाशिककर नशीबवान. हा फरक बघायची फुकटची प्रयोगशाळा देवाने कसाऱ्याला बांधून ठेवलीय. मुंबईला जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. उतरताना गिअरमध्ये ठेवून पाय सोडलात, खाली येऊन पुन्हा पाय दिलात आणि मागे भपकन निळं निघालं, तर बोट वाल्व्ह सील आणि गाईडकडे, म्हणजे वाल्व्हची दांडी ज्या नळीतून सरकते तिच्याकडे. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरल्यावर धूर सतत निघत राहिला, तर बोट रिंगांकडे. मागच्या गाडीत मेहुण्याला बसवा, आरशात धुराचा रंग नीट कळत नाही. आणि घाट करायचा नसेल तर मुंबई नाक्याच्या सिग्नलला तीन मिनिटं उभे राहा. सिग्नल सुटल्यावर पहिल्या झटक्याला धूर आणि पुढे स्वच्छ, म्हणजे पुन्हा सीलच.

हा झाला डोळ्यांचा अंदाज. आता मोजमाप. कॉम्प्रेशन गेज मेहुण्याकडे नसेल तर विकत घ्या, इंजिनाच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनची जोडणी सोडा. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग आकडा कमी आला म्हणून छाती बडवतात. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरचे पाच-सहा दणके मारा आणि आकडा लिहून ठेवा. हे झाले कोरडे आकडे. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑईल सोडा आणि पुन्हा मोजा, हे ओले आकडे. ओल्यात आकडा चांगला वीस-तीसने उडी मारत असेल तर हवा रिंगांच्या बाजूने निसटतेय, ऑईलने तात्पुरती फट बुजवली. आकडा मुळात कमी असून ओल्यातही हललाच नाही तर वाल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चारही सिलिंडर 160 पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं एकक) वर असतील, एकमेकांपासून पंधराच्या आत असतील, आणि ओल्यातही फारसे हलत नसतील, तर तुमच्या इंजिनाचा तळ ठणठणीत आहे.

इथे एक गंमत सांगतो, ती व्हिडिओत सापडणार नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथली हवाच मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. त्यामुळे कुर्ल्याला 180 दाखवणारं इंजिन तेच गेज लावून इथे 168-170 च्या आसपास दाखवेल. पुस्तकातला आकडा बघून 'दहा-बारा कमी आले' म्हणून घाबरू नका. आणि हेच उलट्या बाजूनेही: कुर्ल्याच्या गाळ्यात बसून कुणी 150 दाखवून 'एकदम मस्त आहे शेठ' म्हणालं, तर घरी आणल्यावर ते 140 असेल हे लक्षात ठेवा.

मोजण्याआधी आणखी एक. वाल्व्ह कव्हरवर पीसीव्ही वाल्व्ह असतो, बोटाएवढा, इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा. तो काढून हलवा. खुळखुळ वाजला पाहिजे. चिकटून बसला असेल तर इंजिनातला दाब ऑईलला जिथून वाट मिळेल तिथून ढकलतो आणि लोक इंजिन उघडत बसतात. मी माझ्या नोकरीत या खुळखुळ्यासाठी उघडलेली दोन इंजिनं पाहिलीत.

समजा आकडे चांगले आले. मग फक्त वाल्व्ह सील बदला. इंजिन तर सोडाच, हेडसुद्धा उतरवायची गरज नाही. रॉकर काढा, ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचा पिस्टन अर्ध्यावर खाली ठेवा, प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत भरा, आणि मग पुली हाताने फिरवून पिस्टन दोरी दाबेपर्यंत वर आणा, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर वाल्व्ह आत घसरत नाही. दोरीचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर दुसरंच पत्र लिहावं लागेल. सोळा वाल्व्ह आहेत, कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवसांत होतं आणि उरलेल्या दोन दिवसांत फराळ.

आणि समजा आकडे वाईट आले. चढावर धूर, ओल्या मापात उडी, ऑईलचं झाकण उघडल्यावर आतून फुसफुस. मग इंजिन खरंच थकलंय. आता माझं मत, पटलं तर घ्या. तुमचं इंजिन कधी ओव्हरहीट झालं नसेल, ब्लॉकला तडा नसेल, तर सेकंडहँडपेक्षा मी तेच बांधून घेईन. त्याने काय खाल्लंय, काय सोसलंय हे तुम्हाला माहीत आहे. नंबर तोच राहतो, आरटीओची वारी वाचते. मात्र '45 हजार' हा नुसता आकडा मान्य करू नका. बोअर किती ओव्हरसाईज करणार, पिस्टन कुठल्या कंपनीचे, क्रँक ग्राइंड होणार की नुसता पॉलिश, हेडचं काम धरलंय का, बेअरिंग आणि ऑईल पंप नवे का, हे कागदावर लिहून मागा. ज्या गॅरेजवाल्याला हे लिहून द्यायचा राग येतो त्याच्याकडे इंजिन उघडू नका. आणि बोअरिंग झाल्यावर मशिन शॉपमध्ये स्वतः जा, तुमचा बोअर गेज घेऊन. क्वालिटीवाल्याची नोकरी कधी घरच्या उपयोगाला येणार?

तरीही तुम्ही सेकंडहँडच घालणार, हे मला कळतंय. वडिलांची गाडी, दिवाळीची सुट्टी, मेहुणा, हातात पाना. त्यातला आनंद मला चांगला ठाऊक आहे, त्यावर मी शहाणपण पाजळणार नाही. पण ते कुर्ल्याचं बिनबिलाचं इंजिन घेऊ नका. यात 'बघू' नाही.

का ते सांगतो. चोरीची गाडी अख्खी विकणं अवघड, सुटी करून विकणं सोपं. इंजिनाला नंबर असतो, आणि तो नंबर कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या नोंदीत असू शकतो. चोरीचा माल आहे असं समजून किंवा तसं समजायला कारण असूनही घेतला तर भारतीय न्याय संहितेचं 317 कलम लागतं. 'बिल मिळणार नाही' हे वाक्य विक्रेत्याने स्वतः म्हटल्यावर 'मला काय माहीत' म्हणायची सोय तुम्हाला राहत नाही. अंबड लिंक रोडचा मोठा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी 2017 मध्ये उठवला, तेव्हापासून लोक 'तिकडून आणून देतो'वाल्यांच्या नादी जास्त लागतात. आणणाऱ्याचा गाळा कुठे, हे आधी विचारा. गाळाच नसेल तर पंधरा दिवसांची गॅरंटी तुम्ही कुणाच्या दारात जाऊन वाजवणार?

इंजिन घ्यायचं तर बिलावर इंजिन नंबर छापलेला पाहिजे, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद पाहिजे. नंबर स्वतः वाचा, मोबाईलवर फोटो काढा. ब्लॉकवरच्या त्या चौकोनी पट्टीवर ग्राइंडर फिरल्याच्या रेघा असतील, अक्षरं एका ओळीत नसतील, तर तिथूनच मागे फिरा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेवर चोरीची नोंद तपासता येते, ती पाहा.

मग इंजिन. तुमचं एफ10डी आहे, 1061 सीसी, चार सिलिंडर. हेच इंजिन सुरुवातीच्या झेन एस्टिलोत आणि 1.1 च्या अल्टोतही होतं, त्यामुळे मिळायला अडचण नाही. मात्र 2010 ची नवी वॅगनआर आली ती के10बी घेऊन, 998 सीसी, तीन सिलिंडर. कुणी 'वॅगनआरचंच आहे' म्हणून ते गळ्यात मारेल. ते तुमच्या गाडीत बसवायचं म्हणजे माउंटिंगपासून वायरिंगपर्यंत नवा संसार. आणि 2006 पासूनच्या वॅगनआर ड्युओचं, म्हणजे एलपीजीवर चाललेलं इंजिन असेल तर वाल्व्ह सीटची झीज बघितल्याशिवाय घेऊ नका. गॅस कोरडा जळतो, सीट लवकर खातो.

जमिनीवर पडलेलं इंजिन कसं बघायचं? पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मऊ, एकसारखं फिरलं पाहिजे, मध्येच अडकायला नको. ऑईलचं झाकण उलटं करा. आत दुधाच्या सायीसारखा पांढरट थर म्हणजे पाणी ऑईलमध्ये गेलंय. प्लग काढून चारही शेजारी शेजारी ठेवा, एक काळा कुळकुळीत आणि तीन तपकिरी असतील तर त्या एकाची गोष्ट विचारा. मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून घालून भिंत बघा. उभ्या ओरखड्यांवर नख अडकेल अशी रेघ दिसली तर नको. शेवटी स्टार्टर आणि बॅटरी लावून तिथेच कॉम्प्रेशन. दुकानदार नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

पुराच्या गाडीचं इंजिन ओळखायला शिका. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पुराचं पाणी लागलं की आपण गोदाघाटावर बघायला जातो, पण त्याच पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते कुणी बघत नाही. त्या सुट्या होऊन बाजारात येतात. बाहेरून डिझेलने धुऊन इंजिन चकचकीत करता येतं, पण अल्टरनेटरच्या जाळीत, सेन्सरच्या कपलरमध्ये आणि टायमिंग कव्हरच्या आत बारीक गाळ राहतोच. कव्हरचा एक बोल्ट सोडून बोट फिरवा. बोटाला गाळ लागला तर पैसे परत खिशात.

इंजिन घरी आलं की लगेच गाडीत घालू नका. ते जमिनीवर आहे तेवढेच दोन तास सोन्याचे. ही गोष्ट मी स्वतः आपटून शिकलोय. 1999 मध्ये माझ्या मारुती व्हॅनला सेकंडहँड इंजिन घातलं. शनिवारी सकाळी सुरू केलं, रविवारी संध्याकाळी गाडी चालू. छाती फुगवून गंगापूर धरणावर चक्कर मारून आलो. तिसऱ्या आठवड्यात क्लच घसरायला लागला. गिअरबॉक्स उतरवला तर क्रँकचं मागचं ऑईल सील गळत होतं आणि क्लच प्लेट पापडासारखी तेलात भिजली होती. सील चहा-नाश्त्याच्या पैशांत येणारं. इंजिन जमिनीवर असताना मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, 'ठीक दिसतंय' म्हणून सोडलं होतं. त्या 'ठीक दिसतंय'पायी अख्खं काम दुसऱ्यांदा केलं, आणि दुसऱ्या वेळी मुलांना आयटीआयमध्ये काय सांगावं या विचाराने जास्त घाम फुटला.

म्हणून मागचं सील, पुढचं सील, कॅमचं सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ऑईल पॅन आणि वाल्व्ह कव्हरचं पॅकिंग, प्लग, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग. सगळं नवं. जुनं चांगलं दिसलं तरी नवं. वाल्व्ह सीलही आत्ताच बदला, नाहीतर तो निळा धूर दुसऱ्या इंजिनातून परत भेटायला येईल. माउंटिंगची रबरं दाबून बघा. हे सगळं धरून तुमचे 22 हजार माझ्या अंदाजाने 35 च्या पुढे जातात, मग 45 हजारांच्या ओव्हरहॉलिंगशी तुलना करा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर तुमच्या गाडीचेच ठेवा. इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं कुलूप) असेल तर चावी तुमच्या ईसीयूलाच ओळखते, परक्याला नाही.

आता पार्किंग. बीमला कप्पी टांगायची नाही. गिअरबॉक्ससकट हे धूड शंभर किलोच्या वर जातं, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांहून जास्त, आणि ते वर जाताना झोकांड्या खातं. इमारतीच्या बीमला हूक नसतो, तिथे तुम्ही पाईप अडकवणार, दोर गुंडाळणार, आणि त्याखाली मेहुण्याचा हात असणार. बहिणीचं नातं सांभाळायचंय ना सौ.ला? हायड्रॉलिक क्रेन भाड्याने आणा. साखळी इंजिनाला मुळातच असलेल्या उचलायच्या कड्यांनाच लावा, मॅनिफोल्डला नाही. गाडी लोखंडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्धं उघडं इंजिन घेऊन सभा भरेल.

दिवाळीचा मुहूर्त मात्र मला पटलेला नाही. तुमची पेट्रोलची लाईन उघडी असणार आणि दहा फुटांवर सोसायटीची पोरं भुईचक्र लावणार. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते, ठिणगी शोधत. दिवाळी झाल्यावरचा शनिवार-रविवार घ्या, एक सोमवार रजा टाका. काहीही झालं तरी आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. मगच बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि लाईनला हात लावा.

एसीचे पाईप अजिबात उघडू नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडा आणि पाईपांसकट तारेने बाजूला बांधून ठेवा, गॅस जागच्या जागी राहील. वायरिंगचा प्रत्येक कपलर काढण्याआधी फोटो, काढल्यावर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा. बोल्टसाठी पुठ्ठा घ्या, त्यावर इंजिनाचा ढोबळ आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचा. डब्यात टाकलेले बोल्ट परत जाताना एकमेकांच्या जागी जातात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) लागेलच, मेहुण्याला विचारा तो तास त्याने बुडवला होता का.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना घाई नको. क्लच प्लेट बरोबर मध्यावर बसवून मगच प्रेशर प्लेट आवळा. गिअरबॉक्सचा दांडा आत जाताना अडला तर बोल्टने ओढून आत घ्यायचा मोह होतो, तिथेच प्लेट वाकते. गिअरबॉक्सचं वजन एकाने पेलून धरायचं, दुसऱ्याने पुली थोडी फिरवायची, दाते जुळले की तो स्वतःहून सरकतो. तो 'खट' आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

अर्थिंगची पट्टी! इंजिन ते बॉडी. ती विसरली तर स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, बहुतेक वेळा अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून. माझ्या एका विद्यार्थ्याने चावी फिरवली आणि पायाखालून धूर आला, केबल तापून लाल झाली होती.

पहिल्यांदा चालू करण्याआधी पंपाचा फ्यूज आणि प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टर मारा, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत. मग प्लग लावा. कूलंट भरताना हवा अडकते, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्या, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका. पहिला फेरा पाथर्डी फाट्याच्या आसपासच मारा, कसारा लगेच नको. पाचशे किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदला.

काढलेलं ऑईल गटारात ओतलंत तर ते नासर्डीतून गोदावरीत जाईल. कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्याकडे द्या. कूलंट उघड्या टबात ठेवू नका, चवीला गोड असतं, पार्किंगमधली कुत्री पितात आणि मरतात.

राहिलं आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात इंजिन बदलण्याचा उल्लेख आहे. परवानगी न घेता बदललंत तर चौदा दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मी म्हणेन, इंजिन घेण्याआधीच पेठ रोडला आरटीओत जाऊन या आणि कुठले कागद लागतील ते खिडकीवर विचारून या. नंतर ते कागद विक्रेत्याकडून मिळवणं म्हणजे गाढवाच्या शेपटीला शिंग शोधणं. 2008 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं 2023 लाच झाली, पुनर्नोंदणी तुम्ही केलीच असेल. ती संपल्यावर पुढच्या वेळी तपासणीला गाडी उभी राहील तेव्हा आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळलाच पाहिजे. इन्शुरन्स कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर सगळ्यात आधी तेवढंच बघतो.

सौ.ना सांगा, गाडी विकू नका असंच माझंही मत आहे. पण त्यांचा मुद्दा पैशांचा असेल तर तो रास्त आहे, म्हणून आधी गेज. चार कोरडे, चार ओले, असे आठ आकडे आणि घाटातल्या धुराचा रंग, एवढं मला कळवा. आकडे येईपर्यंत कुर्ल्यावाल्याला बयाणा देऊ नका, दिला असेल तर मागून घ्या.